काटा पाहणाऱ्याची जबाबदारी

'मला ठाऊक नव्हते' असे म्हटले की माणूस बराचसा सुटतो. कोर्टात कायद्याचे अज्ञान चालत नाही हे खरे, पण घरात, गावात, व्यवहारात ते चालते. ज्याला ठाऊकच नव्हते त्याला दोष तरी कसा द्यायचा, असे आपण म्हणतो आणि त्याला माफ करतो. प्रश्न पुढे येतो तो वेगळ्या माणसाचा. ज्याने पदरचे पैसे घालून ठाऊक करून घेण्याची सोय केली, यंत्राला काटा लावला, काट्याला दिवा लावला, आणि दिवा लागला तेव्हा त्याकडे पाहूनही काही केले नाही, त्याला काय म्हणायचे? न पाहणाऱ्यापेक्षा तो अधिक दोषी, की निदान पाहण्याची तयारी दाखवली म्हणून थोडा कमी? जाणणे आणि वागणे यांच्यामधल्या या अंतराविषयी आम्हाला इथे चार शब्द मांडायचे आहेत. त्यासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते एका लहान विमानाच्या पॅनेलमधल्या डिजिटल इंजिन मॉनिटरचे.

उदाहरण दूरचे वाटेल. उजनीच्या काठावरच्या माणसाचा विमानाशी काय संबंध, असेही कुणी विचारील. पण आम्हा काठच्या लोकांना हे विमान परके नाही. बारामतीच्या विमानतळावर वैमानिक घडवण्याचे काम चालते. तिथली लहान विमाने इंदापूरच्या माळावरून घरघर करत फिरताना दिसतात. उसाला पाणी देणारा माणूस वर पाहतो, पोरे हात हलवतात, एवढाच आमचा त्यांचा संबंध. २५ जुलै २०२२ रोजी मात्र तो जवळचा झाला. बारामतीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळले. आत एकटी शिकाऊ वैमानिक मुलगी होती. ती जखमी झाली, पण वाचली. गावकरी धावून गेले. त्या दिवशी त्या विमानाला काय झाले हे ठरवणे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे, त्याविषयी आम्ही इथे बोलणार नाही. पण त्या दिवसापासून वरची घरघर ऐकली की मनात एक विचार येतो. त्या इंजिनाच्या पोटात काय चालले आहे हे वर बसलेल्या पोराला कळते कसे? आणि कळले तर तो काय करतो?

अशा शिक्षणात जगभर वापरले गेलेले एक विमान म्हणजे सेस्ना १५२. दोन माणसे बसतात. पुढे चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, सुमारे ११० अश्वशक्तीचे इंजिन. आपल्याकडच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर असतो, याला तो नाही. समोरून येणारा वाराच त्याला गार ठेवतो. मूळ पॅनेलवर इंजिनाची खबर देणारे काटे मोजकेच असतात: फेरे किती, तेलाचा दाब किती, तेलाचे तापमान किती. चार सिलिंडरांपैकी एक आजारी पडला तर तेलाच्या काट्याला त्याचा पत्ता लवकर लागत नाही. घरात चार भावांपैकी एकाला ताप आला आणि बापाने चौघांची सरासरी काढून 'सगळे ठीक' म्हटले, तसा हा प्रकार.

डिजिटल इंजिन मॉनिटर ही सरासरी मोडतो. तो प्रत्येक सिलिंडरच्या डोक्याचे तापमान वेगळे दाखवतो, प्रत्येकाच्या धुराचे तापमान वेगळे दाखवतो. शिवाय इंधन तासाला किती जाते, तेलाचा दाब किती, विजेचा दाब किती, हे सारे एका लहानशा पडद्यावर येते, आणि काही सेकंदांच्या अंतराने आत नोंदलेही जाते. एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू लागला तर त्या सिलिंडरच्या धुराचा आकडा संथ लयीत वरखाली होऊ लागतो. कानाला काही कळण्याच्या कितीतरी आधी जाणत्या डोळ्याला ते दिसते. उड्डाणाआधी दोन मॅग्नेटोंपैकी एक बंद करून पाहण्याची रीत आहे. तसे केले की चारही सिलिंडरांच्या धुराचे तापमान वाढायला हवे. तीन वाढले आणि एक खाली आला, तर त्या सिलिंडरचा चालू असलेला प्लग काम करत नाही हे तिथेच, जमिनीवर, चाके हलण्याआधी कळते.

हे यंत्र बसवतात कसे, ते पाहण्यासारखे आहे, कारण नैतिक प्रश्न तिथूनच सुरू होतो. प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या नळीला भोक पाडून त्यात एक सळईसारखा संवेदक बसवतात. सिलिंडरच्या डोक्यात दुसरा बसवतात. त्यांच्या तारा इंजिन आणि माणसे यांच्यामधल्या अग्निरोधक भिंतीतून आणायच्या, आणि ते छिद्र आगीला दाद न देणाऱ्या लेपाने बंद करायचे. तारा प्लगच्या वायरींपासून दूर ठेवायच्या, नाहीतर ठिणगीचा गोंधळ आकड्यांत मिसळतो. पॅनेलमध्ये गोल छिद्र घेऊन पडदा बसवायचा. विमानाचे वजन आणि तोल पुन्हा मांडायचा. शेवटी परवानाधारक अभियंत्याने नोंदवहीत लिहून खाली सही करायची.

संवेदकाचे तत्त्व जुने आहे. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवले तर दुसऱ्या टोकांमध्ये अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये हा परिणाम हेरला. आज विमानात वापरतात त्या एका जातीच्या जोडीत एका अंश सेल्सियसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखांतल्या ४१ भागांइतका दाब मिळतो. इतक्या क्षीण आवाजात धातू बोलतो, आणि तो आवाज पडद्यापर्यंत शुद्ध पोचवायचा तर त्याच दोन धातूंच्या तारा शेवटपर्यंत न्याव्या लागतात. मध्येच कमी पडली म्हणून साधी तांब्याची तार जोडली, तर आकडा येतो, पण खोटा. तारा उलट्या जोडल्या तर सिलिंडर तापत जातो आणि आकडा उतरत जातो.

आपल्या वाचकांना इथे दुसरी एक साखळी आठवल्याशिवाय राहणार नाही. हदीसच्या अभ्यासकांनी कथनाइतकेच महत्त्व कथन करणाऱ्यांच्या साखळीला दिले. कोणी कोणाकडून ऐकले, तो माणूस खरा होता का, त्याची स्मृती शाबूत होती का, दोघांची भेट होणे शक्य होते का, हे तपासल्याशिवाय त्यांनी शब्द स्वीकारला नाही. मधला एक रावी कच्चा निघाला तर कथन कितीही गोड असले तरी ते कमजोर ठरले. पडद्यावरच्या आकड्याचेही असेच आहे. आकडा ही साक्ष आहे, आणि साक्ष आली की साक्षीदार तपासणे आले. सळई, तार, जोड, पेटी, आणि शेवटी सही करणारा माणूस, हे सगळे त्या साखळीतले रावी आहेत. काचेमागे चमकणारा आकडा पाहून आपण नम्र होतो, पण यंत्र खोटे बोलत नाही ही समजूत भाबडी आहे. खोटेपणाची नियत यंत्राजवळ नसते इतकेच खरे.

आणखी एक गोष्ट. इंधन किती जाते ते मोजायचे तर इंधनाची नळी कापून मध्ये मापक बसवावा लागतो. म्हणजे जिथे पूर्वी अखंड नळी होती तिथे आता दोन नवे जोड आले. जोड आला की गळती संभवते, आणि गरम इंजिनाजवळ इंधनाची गळती म्हणजे काय ते सांगायला नको. धुराच्या नळीलाही भोक पडलेच. धोका कळावा म्हणून बसवलेले साधन स्वतः थोडा धोका घेऊन येते. पाहण्यासाठी भोक पाडावेच लागते. त्यामुळे काटा बसवणे ही फुकटची सावधगिरी नव्हे. ज्याने तो बसवला त्याने एक किंमत मोजली आहे, विमानात बसणाऱ्या इतरांनाही थोडी मोजायला लावली आहे. मग त्या काट्याकडे पाहायचेच नसेल, तर भोक पाडण्याचा तरी त्याला काय अधिकार होता? आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग इथे सापडतो. पाहून न वागणारा माणूस न पाहणाऱ्यापेक्षा अधिक दोषी आहे, कारण त्याने पाहण्याची किंमत वसूल केली आणि लाभ मात्र कुणाला होऊ दिला नाही.

आता विमानातून खाली उतरू. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या करमाळा आणि माढा तालुक्यांतल्या, तशाच पलीकडच्या इंदापूरच्या गावांत घरोघर एक इंजिन मॉनिटर आहे. त्याला आपण स्टार्टरची पेटी म्हणतो. पेटीवर व्होल्टचा आणि अँपिअरचा काटा असतो, आत ओव्हरलोड रिले असतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटते. शेतकरी मोटार पुढे सरकवतो, पाइपला पाइप जोडतो, केबलला केबल जोडतो, पाण्यापर्यंत चर खणतो. केबल लांबली की शेवटच्या टोकाला विजेचा दाब कमी पडतो. दाब कमी पडला तरी मोटारीवरचे ओझे तेवढेच, म्हणून ती जास्त अँपिअर ओढते आणि तापते. रिलेला ते कळते आणि तो मोटार बंद करतो. रात्रीची वीज, डोळ्यावर झोप, पिकाला ताण. अशा वेळी काठच्या कोणत्याही वाइंडिंगच्या दुकानात हा संवाद ऐकू येतो.

"चाचा, सारखी ट्रिप मारतीय. डायरेक्ट करून द्या की."

"डायरेक्ट केली तर जळंल, बाळा."

"जळली तर तुम्ही हायताच भरायला. ऊस वाळला तर कोण भरणार?"

या पोराला मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण त्याचा हिशेब मूर्खपणाचा नाही. त्याच्यासमोर दोन नुकसाने आहेत आणि तो त्यातले लहान निवडतो आहे. रिले त्याला मोटारीविषयी खरे सांगतो, उसाविषयी काहीच सांगत नाही. प्रत्येक काटा एकाच गोष्टीची साक्ष देतो, माणसाला मात्र दहा गोष्टींचा निवाडा करायचा असतो. म्हणून काटा पाहूनही पुढे जाणारा प्रत्येक माणूस बेइमान असतो असे आम्ही म्हणणार नाही. वैमानिकालाही असे प्रसंग येतात. खाली उतरायला जागा नसेल तर तापलेल्या इंजिनावरही त्याला उडत राहावे लागते. दोष तिथे नाही. दोष सुरू होतो तो काटा 'डायरेक्ट' करण्यापाशी. काटा पाहून, त्याचे ऐकून, तरीही दुसरे काही निवडणे हा निर्णय झाला, आणि निर्णयाची जबाबदारी घेता येते. काट्याचे तोंडच बांधून टाकले की निर्णय उरत नाही. पुढच्या वेळी ओझे खरोखर जिवावरचे असेल तेव्हाही तो गप्पच राहणार.

तोंड बांधण्याचा दुसरा, अधिक सभ्य मार्ग आहे. तो म्हणजे मर्यादा वर सरकवणे. रिलेला फिरवायची चकती असते. दोन अँपिअर वर केली की ट्रिप थांबते. विमानातल्या मॉनिटरलाही कोणत्या आकड्याला धोक्याचा दिवा लावायचा हे ठरवून द्यावे लागते. त्या जातीच्या इंजिनात सिलिंडरच्या डोक्याची कारखान्याने दिलेली कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सियस आहे. पण जाणते लोक म्हणतात की इंजिन टिकवायचे असेल तर ४००च्या, म्हणजे साधारण २०४ सेल्सियसच्या पुढे सहसा जाऊ नये. आता दिवा कुठे लावायचा? ५००ला लावला तर तो लागेल तेव्हा उशीर झालेला असेल. फार खाली लावला तर प्रत्येक चढणीला लागेल, आणि दहा वेळा उगाच लागलेला दिवा अकराव्या वेळी कुणी पाहत नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट यंत्रांनाही लागू आहे. म्हणजे मर्यादा ठरवणे हे नुसते तांत्रिक काम नाही. किती धोका, कोणाच्या जिवावर, कोणत्या फायद्यासाठी पत्करायचा, याचा तो निवाडा आहे. तो स्क्रू फिरवणाऱ्या हाताने एकट्याने, घाईत, कुणाला न विचारता करायचा नसतो.

'कोणाच्या जिवावर' हा या प्रश्नाचा गाभा आहे. स्वतःची मोटार जाळणारा स्वतःचे नुकसान करतो. शिकवणीचे विमान एकाचे नसते. सकाळी एक पोरगा उडवतो, दुपारी दुसरी मुलगी, संध्याकाळी तिसरा. सकाळच्याने चढताना इंजिन प्रमाणाबाहेर तापवले तर त्या दिवशी त्याला काहीच होत नाही. तो उतरतो, चहा पितो, घरी जातो. भेग पडलेली असते ती हळूहळू वाढते, आणि ती तोंड उघडते ते कदाचित दोन महिन्यांनी, भलत्याच कुणाच्या हातात. ज्याने चूक केली तो आणि ज्याने भोगले तो, दोघे एकमेकांना ओळखतही नाहीत. अशा ठिकाणी आपल्या भाषेत एक शब्द आहे: अमानत. मला दिलेली वस्तू माझी नाही, मी ती पुढे द्यायची आहे, आणि ज्याला द्यायची तो मला ठाऊकही नसेल. मॉनिटरच्या पोटातली नोंद ही अमानत सांभाळल्याचा किंवा न सांभाळल्याचा कागद आहे. ती सकाळच्या पोराला दुपारच्या मुलीशी जोडते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. नोंद होते म्हणून जो नीट वागतो तो नीट वागतो का भितो? पाळत ठेवून आणलेला चांगुलपणा हा चांगुलपणा आहे का? नीतीचा विचार करणाऱ्यांनी नियतीला, म्हणजे मनातल्या हेतूला, सदैव वरची जागा दिली आहे. यंत्राने ती जागा बळकावली तर माणूस आतून पोकळ होईल, अशी भीती कुणी व्यक्त केली तर आम्ही तिची थट्टा करणार नाही. पण दुपारच्या मुलीच्या बाजूनेही एकदा विचार करावा. सकाळच्या पोराची नियत शुद्ध होईपर्यंत तिने जीव मुठीत धरून का उडावे? दुसऱ्याच्या सुरक्षिततेला आपल्या सद्गुणाची वाट पाहायला लावणे, हाही अहंकारच आहे. नोंद पोराला चांगला बनवत नसेल. तिचे काम ते नाहीच. तिने इंजिनाची खबर पुढच्यापर्यंत पोचवायची आहे. मात्र नोंदीचा उपयोग दुरुस्तीऐवजी शिक्षेसाठीच होऊ लागला, तर पोरे नोंद टाळण्याच्या युक्त्या शिकतील, आणि साखळीतला सर्वांत महत्त्वाचा रावी, म्हणजे स्वतः उडवणारा माणूस, खोटा होईल. 'आज चढताना इंजिन जास्त तापले' हे पोराने येऊन आपणहून सांगावे असे वातावरण असेल, तरच पेटीतले आकडे कामाचे.

दुसरा आक्षेप आमच्या कारागीर वाचकांचा असेल. शिकलगार, मुलाणी, तांबोळी, आत्तार अशा कितीतरी घरांतली पोरे आज मोटार भरतात, इंजिन उतरवतात, पंप बसवतात. त्यांचे उस्ताद स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंगचे दुखणे सांगत. या कानाची किंमत काय? पडदा आला की कान बाद होतो, आणि कानाबरोबर तो माणूसही. त्याच्याजवळ कागद नाही, म्हणून त्याचे म्हणणे साक्ष धरली जात नाही. विमानाच्या नोंदवहीत सही अभियंत्याची असते, हात लावणाऱ्या मदतनिसाचे नाव सहसा नसते. या आक्षेपात दुखणे खरे आहे. पण विमानशास्त्राच्या नियमांतच एक शहाणपण आहे ते सांगावेसे वाटते. कित्येक मॉनिटर केवळ सल्ल्यापुरते मान्य असतात. असा मॉनिटर बसवला तरी मूळचा जुना काटा पॅनेलवरून काढता येत नाही. मूळ साधन म्हणून रीतसर मान्यता असलेला मॉनिटरच जुन्याची जागा घेऊ शकतो. नवा साक्षीदार आला म्हणून जुन्याला लगेच कोर्टाबाहेर काढायचे नाही, असा याचा अर्थ. दोघांचे जमत नसेल तर थांबून का जमत नाही ते पाहायचे. कानाचेही तसेच असावे. पडदा 'ठीक' म्हणतो आणि उस्ताद 'ठीक नाही' म्हणतो, तेव्हा विमान उडता कामा नये आणि मोटारही चालू करता कामा नये. कान चुकला असेल तर तास-दोन तास वाया जातील. पडदा चुकला असेल तर काय वाया जाईल ते कडबनवाडीच्या माणसांना विचारावे लागणार नाही.

तिसरा धोका आक्षेपाचा नाही, स्वभावाचा आहे. काटा लावला की माणूस धीट होतो. धोका कळेलच, मग थोडे जुने इंजिन आणखी थोडे चालवू, असे वाटू लागते. ऑटो स्विच आल्यावर रात्री उठून मोटारीकडे जाणे कमी झाले. सोय झाली, पण फुटवॉल्व्ह उघडा पडून मोटार कोरडी चालते आहे हे पाहणारा डोळाही झोपला. पाहण्याचे साधन न पाहण्याची सबब बनते. भरवसा आणि बेपर्वाई यांतला फरक आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. उंट बांधण्याची गोष्ट आपल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण दोरी विकत आणली म्हणजे उंट बांधला असे होत नाही, एवढे तिच्यात आजच्या काळासाठी जोडावे.

हे सगळे एका इंजिनापुरते असते तर आम्ही इतकी शाई खर्च केली नसती. आम्ही ज्या पाण्याच्या काठी राहतो तेच एक भले मोठे काटा लावलेले यंत्र आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाले, गावे पाण्याखाली गेली, माणसे वर सरकली. धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, वरचे सुमारे ५४ उपयुक्त. उजनीची टक्केवारी त्या वरच्या ५४वर मोजतात. म्हणून आमचे धरण शून्यावर आले तरी रिकामे नसते. ते 'उणे' होत जाते. पावसाळ्यात दौंडहून किती क्युसेक येते आणि उजनी किती टक्के झाली, हे सोलापूर जिल्ह्यातला न शिकलेला माणूसही तोंडपाठ सांगतो. इतका पाहिला जाणारा काटा दुसरा नसेल. २०२३च्या पावसाळ्यात धरण पुरते भरले नाही. २०२४च्या उन्हाळ्यात आकडा उणे साठीच्या आसपास गेला, पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर आले, लोक ते पाहायला गेले. काटा रोज वर्तमानपत्रात छापून येत होता. ऊस किती लावायचा, चर किती खणायचे, शेवटच्या गावाला प्यायला किती राखायचे, याचे भांडण मात्र आकडा खाली गेल्यावर रंगले. दिवा लागलेला सगळ्यांना दिसत होता. दिवा लागल्यावर कोणी काय करायचे, हे दिवा लागण्याआधी ठरलेले नव्हते.

त्याच उन्हाळ्यात, २१ मे २०२४ रोजी, कुगाव ते कळाशी पाण्यावरून जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. त्या मृत्यूंचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. त्यांच्यातून काठावरच्या प्रत्येकाने घ्यायचे ते एवढेच: किती वारा असेल तर निघायचे नाही, हे काठावर उभे असताना, आभाळ स्वच्छ असताना ठरवायचे असते. पाण्याच्या मध्यावर वारा सुटल्यावर ठरवायला काही उरत नाही. पलीकडे पोचण्याची घाई, उतारूंची गर्दी, परतायला लागणारा वेळ, हे सगळे तेव्हा वाऱ्यापेक्षा मोठ्याने बोलत असते.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. काटा लावणारा माणूस न लावणाऱ्यापेक्षा अधिक बांधील आहे का? आमचे उत्तर होय असे आहे. काटा लावणे म्हणजे आपल्या उद्याच्या घाईतल्या, थकलेल्या, लोभावलेल्या स्वतःशी आजच्या शांत स्वतःने केलेला करार. आज सांगून ठेवायचे की इतक्यावर आकडा गेला तर मी थांबेन, आणि उद्या मी कितीही कारणे सांगितली तरी ती ऐकायची नाहीत. हा करार झाला नसेल तर पॅनेलमधले महागडे यंत्र आणि भिंतीवरचे कॅलेंडर यांत फरक नाही. दोन्ही फक्त आकडे दाखवतात.

या करारात तीन गोष्टी हव्यात असे आम्हाला वाटते. मर्यादा आधी, शांतपणे, लिहून ठरलेली हवी. स्क्रू फिरवायचा तर चारचौघांत फिरवायचा. ज्यांचा जीव किंवा पाणी त्या काट्यावर अवलंबून आहे त्या सर्वांना तो वाचता आला पाहिजे, आणि वाचून बोलता आले पाहिजे. शिकाऊ मुलीला 'आज मी उडणार नाही' म्हणता आले पाहिजे, शेवटच्या गावाला 'आता उपसा थांबवा' म्हणता आले पाहिजे. आणि तिसरे, जुना काटा, जुना कान, जुना हात जागेवर राहिला पाहिजे, नव्या साक्षीदाराला प्रश्न विचारण्यासाठी.

वाइंडिंगच्या दुकानातल्या त्या चाचांना हे आमच्यापेक्षा कमी शब्दांत सांगता येते. मोटार भरून झाली की ते रिलेची चकती मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावून देतात आणि म्हणतात, "हितनं पुढं सरकवू नको. सरकवलीस तर मला इचारून सरकव." त्या 'इचारून'मध्ये आमचा सगळा निबंध आला. मर्यादा बदलता येते, पण एकट्याने नाही, गुपचूप नाही, आणि ज्याला त्याची किंमत मोजावी लागेल त्याच्या पाठीमागे तर नाहीच नाही.